मफीबोशेथाचा संसार

(शब्बाथशाळेचे शिक्षक, तरुण संघ व गृहसभा यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : २ शमुवेल ४:४, ९:१-१३, १६:१-४, १९:२४-३०, योहान ९:१-२३, उत्पत्ती २४:५७-५८

मुख्य विचार : शरीराने दुबळ्या बंधुभगिनींना मंडळीने मेजाशी जागा दिली, त्यांच्या लग्नसंसाराच्या गोष्टीत मात्र त्यांनाच विचारावयाचे, हे आपण अजून शिकावयाचे आहे.

पाठाची पार्श्वभूमी

मंडळीत लग्न लागले की उपासनेनंतर हॉलमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मावशी, आत्या, वडीलमंडळी लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचा हात धरून विचारतात, "आता तुझा नंबर कधी?" मुले लाजतात, कधी वैतागतातही. पण त्याच हॉलमध्ये पायाला कॅलिपर लावलेला एखादा तरुण बसलेला असतो, किंवा कानांनी ऐकू न येणारी एखादी मुलगी असते. त्यांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. उलट, उगाच त्यांचे मन दुखवू नये असेच सर्वांना वाटत असते. तरीही न विचारल्यामुळे त्यांना जे समजावयाचे ते समजते : आपल्याविषयी सर्वांचे आधीच ठरून गेले आहे. या महिन्याच्या पाठात या न विचारलेल्या प्रश्नाचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

हुबळी-धारवाडकडील आपली मराठी कुटुंबे संख्येने थोडी. कोणी रेल्वेच्या नोकरीमुळे येथे आले, कोणी शाळेच्या किंवा दवाखान्याच्या. शेजारच्या मंडळ्यांत उपासना कानडीत चालते. सोयरीक जुळवावयाची तर बेळगाव, मिरज, कोल्हापूर, सोलापूर येथील नातेवाइकांकडे निरोप जातो. पाळकसाहेब, एखादी चुलती, रेल्वेतला एखादा जुना मित्र अशा चारदोन माणसांच्या तोंडून स्थळांची माहिती फिरते. या साखळीतील एकाने जरी "तिचे कसले लग्न करता!" म्हटले, तरी तेथेच ते दार बंद होते. ती मुलगी शिकलेली आहे, कमावते आहे, तरुण संघाचे हिशेब सांभाळते आहे, हे पुढे कोणाला कळतही नाही. घरातही एक दबलेली भीती असते. थोरल्या भावाचे अपंगत्व बोलून दाखविले तर धाकट्या बहिणीचे स्थळ मोडेल, म्हणून पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसविले जाते.

आपल्या मंडळीचा इतिहास पाहिला तर हे अधिकच विचार करावयास लावणारे आहे. बासेल मिशनचे सेवक १८३७ साली धारवाडास व १८३९ साली हुबळीस आले आणि त्यांनी शुभवर्तमानाबरोबर शाळाही आणल्या. मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या कुमारी ॲना मिलर्ड यांनी १९०० साली अंधांसाठी शाळा उघडली. केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात अंध स्त्रियांना ब्रेल लिपी व हाताचे काम शिकविले गेले. रमाबाईंना स्वतःलाही ऐकू कमी येत असे, आणि त्यामुळेच इंग्लंडात वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा त्यांचा बेत सुटला. कुष्ठरोग्यांना तर समाजाने वेशीबाहेर घातले असताना मिशनांनी आसरा दिला. या सर्वांबद्दल आपण देवाची स्तुती करतो. तथापि त्याच आश्रमांतून पुष्कळ ठिकाणी स्त्रियांना व पुरुषांना निरनिराळे ठेवीत आणि त्यांनी संसार मांडू नये असा नियम असे, हेही खरे आहे. अन्न, औषध, अक्षरओळख व प्रार्थना एवढे सर्व देऊन आपली दया घराच्या उंबरठ्यापाशी थांबली. तो उंबरठा ओलांडण्यासाठी आपण एका राजपुत्राची गोष्ट पाहू या.

१. आपण न वाचलेले वचन

मफीबोशेथाची गोष्ट शब्बाथशाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तो योनाथानाचा मुलगा, शौलाचा नातू. पाच वर्षांचा असताना युद्धाची वाईट बातमी आली, दाई त्याला घेऊन धावत सुटली, तो खाली पडला व दोन्ही पायांनी लंगडा झाला (२ शमुवेल ४:४). पुढे तो लो-दबार गावी माखीराच्या घरी राहत असता दावीद राजाने योनाथानाशी केलेला करार आठवून त्याला बोलावून आणले, त्याची वडिलार्जित जमीन परत दिली व राजपुत्रांप्रमाणे त्याला आपल्या मेजाशी बसविले.

येथे आपला धडा संपतो. शिक्षक मुलांना सांगतात की, दावीद किती दयाळू होता पाहा! पण अध्यायाचे बारावे वचन आपण घाईने ओलांडून जातो. मफीबोशेथाला मीखा नावाचा एक लहान मुलगा होता, असे त्या वचनात लिहिले आहे. म्हणजे या माणसाचे लग्न झाले होते. त्याच्या पत्नीचे नाव शास्त्राने दिलेले नाही, परंतु ती होती. त्याचे घर होते आणि त्या घरात बाळ खेळत होते. राजाच्या मेजावर येऊन जेवणारा तो कोणी आश्रित पोरका नव्हता. तो नवरा होता, बाप होता.

एवढ्यावरच शास्त्र थांबत नाही. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातील आठव्या अध्यायात नावांची लांबलचक यादी आहे, ती आपण सहसा वाचीत नाही. तेथे मफीबोशेथाचे नाव मरीब्बाल असे आले आहे. त्याचा मुलगा मीखा, मीखाचे चार मुलगे, आणि तेथून पुढे पिढ्यामागून पिढ्या. यादीच्या शेवटी या वंशातील ऊलामाचे मुलगे व नातू मिळून दीडशे शूर धनुर्धारी होते असे नमूद केले आहे (१ इतिहास ८:३४-४०). शत्रूपासून पळताना जो पडला व पुन्हा कधी धावू शकला नाही, त्याच्या घराण्यात हे योद्धे निपजले. पवित्र आत्म्याने ही नावे व हा आकडा जपून ठेविला आहे. आपणही त्याचे मोल ओळखावे.

२. त्याच्याविषयी बोलणारे पुष्कळ

मफीबोशेथाच्या आयुष्यात आणखी एक दुःखाची गोष्ट घडली. अबशालोमाच्या बंडाच्या वेळी दावीद यरुशलेम सोडून निघाला, तेव्हा सीबा नावाचा चाकर गाढवे व भाकरी घेऊन आला आणि धन्याविषयी त्याने राजाला खोटे सांगितले : मफीबोशेथ राज्याची आशा धरून मागे राहिला आहे. दाविदाने मफीबोशेथाला न विचारता त्याची सर्व मालमत्ता सीबाला देऊन टाकली (२ शमुवेल १६:१-४). राजा परत आला तेव्हा कोठे मफीबोशेथाला तोंड उघडावयास मिळाले. आपण लंगडे असल्यामुळे गाढवावर खोगीर घालून निघणार होतो, पण चाकराने आपल्याला फसविले, असे त्याने सांगितले. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखली नव्हती, दाढी विंचरली नव्हती, कपडे धुतले नव्हते (१९:२४-३०). ज्या दाविदाने त्याला मेजाशी बसविले, त्याच दाविदाने त्याच्याविषयी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून निर्णय केला. जेवावयास बसविणे एक आणि म्हणणे ऐकून घेणे दुसरे, हे यावरून ध्यानात यावे.

आता योहानाच्या नवव्या अध्यायाकडे वळू. जन्मांध माणसाला प्रभूने दृष्टी दिली. शिष्यांनी त्याच्याकडे पाहून पाप कोणाचे असे विचारले. शेजाऱ्यांनी हा तोच की दुसरा असा वाद घातला. परूश्यांनी त्याच्या आईबापांना बोलावून चौकशी केली. तेव्हा आईबापांनी भीतीपोटी का होईना, एक मोठे सत्य सांगितले : आमचा मुलगा वयात आलेला आहे, त्याला विचारा, तो स्वतःविषयी स्वतः सांगेल (योहान ९:२१). ते सभास्थानातून काढले जाण्याच्या भीतीने बोलले. आपण तेच प्रीतीने बोलावयास शिकले पाहिजे.

लग्नाच्या बाबतीत शास्त्रात याचा नमुनाच आहे. अब्राहामाचा चाकर रिबकेला मागणी घालावयास गेला. बोलणी झाली, देणगी दिली, सर्व ठरले. तरी निघण्याच्या वेळी घरच्यांनी मुलीला बोलावून तिला जावयाचे आहे काय असे विचारले, आणि ती हो म्हणाली (उत्पत्ती २४:५७-५८). इतक्या पुरातन काळी विचारलेला हा प्रश्न आज आपण काही मुलींना विचारतो आणि काहींना विचारीत नाही. पाय अधू असला, डोळ्यांना दिसत नसले, तरी मन अधू होत नाही. प्रीती करावी, आपल्यावर कोणी प्रीती करावी, संध्याकाळी आपली वाट पाहणारे कोणी असावे, ही इच्छा देवाने माणसाच्या हृदयात घातलेली आहे. माणसाने एकटे राहणे बरे नाही, हे देवाने आदामाविषयी म्हटले तेव्हा धडधाकट माणसापुरतेच म्हटले नव्हते.

३. मनातील तीन भीती

मंडळीतील चांगली माणसेही या विषयाशी आली की तीन भीतींनी अडखळतात.

पहिली भीती शापाची. "काहीतरी असेल म्हणूनच देवाने असे केले," हे वाक्य ख्रिस्ती घरांतूनही ऐकू येते. याचे उत्तर प्रभूने योहान ९:३ मध्ये एकदाच व कायमचे दिले आहे : या माणसाने पाप केले नाही, आईबापांनीही नाही. यानंतर त्या विषयावर मंडळीने कुजबुज करण्यास जागा उरत नाही.

दुसरी भीती संततीची. येथे ज्ञानाचा उपयोग केला पाहिजे. पोलिओ हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. तो आईबापांकडून वंशाने उतरत नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. अपघाताने आलेले अपंगत्वही मुलांत उतरत नाही. कुष्ठरोग हा जंतूंमुळे होतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि त्या उपचाराने तो पूर्ण बरा होतो. वरोड्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनात रोगमुक्त झालेल्या स्त्रीपुरुषांनी लग्ने करून संसार थाटले, हे मराठी माणसाला माहीत आहे. काही प्रकारचे बहिरेपण, अंधत्व व स्नायूंचे रोग मात्र वंशाने उतरू शकतात. त्यासाठी तर्क न करता तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि हेही प्रामाणिकपणे बोलावे की, आपल्या या भागात मामा-भाची, आतेमामे भावंडे यांची लग्ने करण्याची जुनी चाल आहे. जवळच्या रक्ताच्या नात्यात लग्न झाल्यास वंशाने येणाऱ्या काही दोषांचा संभव वाढतो. त्या लग्नात कोणी प्रश्न विचारीत नाही. पोलिओने पाय अधू झालेल्या मुलीला मात्र सर्व प्रश्न विचारले जातात.

तिसरी भीती संसार कोण चालवील ही. स्वयंपाक, पाणी, पाळणा, नोकरी यांचा विचार करू नये असे आम्ही म्हणत नाही. तो अवश्य करावा. पण तो त्या दोघांनी बसून करावा. ओटा किती उंच असावा, कोणते काम कोणी करावे, कोठे भाड्याने घर घ्यावे म्हणजे जिने चढावे लागणार नाहीत, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक चांगले समजते. आणि धडधाकट जोडप्यांचे तरी असे किती आहे? मधुमेह, पक्षाघात, अपघात हे लग्नानंतर येतातच. सुखात व दुःखात, आजारात व आरोग्यात एकमेकांस सांभाळू, असे वचन आपण वेदीसमोर प्रत्येक जोडप्याकडून घेतो. मग आजाराची गोष्ट ज्यांना आधीच ठाऊक आहे, त्यांच्याच वचनाची आपल्याला इतकी शंका का यावी?

४. वचन हातांनीही देता येते

इंग्लंडातील लेस्टर शहरी सेंट मार्टिन मंडळीच्या नोंदवहीत १५७६ सालच्या एका लग्नाची नोंद आहे. वर थॉमस टिल्सी मूकबधिर होता. वधू अर्सुला रसेल. लग्नाचे वचन तोंडाने देणे वराला शक्य नव्हते. बिशप व शहराचा नगराध्यक्ष यांच्या संमतीने त्याला खुणांनी वचन देण्याची परवानगी मिळाली. त्याने वधूला आलिंगन दिले, तिचा हात हाती घेतला, बोटात अंगठी घातली, आपला हात हृदयावर ठेविला व आकाशाकडे उचलला. मरेपर्यंत सोबत राहीन हे सांगण्यासाठी त्याने हातांनी डोळे मिटून दाखविले, पायाने जमीन उकरण्याची व घंटेचा दोर ओढण्याची खूण केली. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या मंडळीने या माणसाला बोलता येत नाही, म्हणून तो लग्नाला अपात्र आहे असे म्हटले नाही. त्याचे वचन समजून घेण्याची वाट शोधली.

आज तर भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय संस्था स्थापन झालेली आहे. आपल्या मंडळीत दोघातिघांनी जरी ही भाषा शिकून घेतली, तरी एखाद्या बहिऱ्या तरुणाला उपदेश, तरुण संघाची सभा आणि मित्रमैत्रिणींच्या गप्पा या तिन्ही उघड्या होतील. ओळखच नसेल तर प्रीती कोठून व्हावी?

देशाचा कायदाही पुढे गेला आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली. लग्न करून कुटुंब उभारण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे धरली होती, २०१६ च्या कायद्यात ती एकवीस झाली. कोणाही अपंग व्यक्तीवर तिच्या स्वतंत्र संमतीवाचून अपत्य न होण्याची शस्त्रक्रिया करता येणार नाही, असेही हा कायदा सांगतो. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात कुष्ठरोग हे एक कारण होते. ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. संसदेने ही गोष्ट केली. आपल्या मनातील कलमे मात्र आपल्यालाच काढावी लागतील.

५. दोन्ही बाजूंचा खोटेपणा

एक खोटेपणा लपविण्याचा आहे. मुलीला फिट्स येतात, मुलाला मानसिक आजाराची औषधे चालू आहेत, हे दडवून लग्न उरकले जाते. लग्न झाले की बरे होईल, असेही काही जण सांगतात. लग्न हे औषध नव्हे. फिट्स व मानसिक आजार यांवर उपचार आहेत; मानसिक आजारांसाठी धारवाडातच डिमहान्स ही मोठी सरकारी संस्था आहे. औषधे चालू असताना अनेकजण चांगला संसार करतात. पण लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात, मग त्या सुटतात आणि दोन घरे दुःखात पडतात. लाबानाने लग्नाच्या रात्री फसवून लेआला याकोबाच्या पदरी घातले. लेआचे डोळे निस्तेज होते असे शास्त्र सांगते. त्या फसवणुकीची शिक्षा लाबानाला नव्हे, लेआला भोगावी लागली. नवऱ्याच्या प्रीतीसाठी ती आयुष्यभर झुरली. बापाने सरळ सांगितले असते तर निदान तिचा अपमान झाला नसता.

दुसरा खोटेपणा उपकाराचा आहे. अपंग मुलीला वयाने फार मोठा बिजवर दाखवावा, "मिळतेय तेच पुष्कळ" म्हणावे, हुंडा वाढवून द्यावा, आणि लग्न करणाऱ्या मुलाचा मंडळीत त्यागी म्हणून सत्कार करावा. धडधाकट व्यक्तीने अपंग व्यक्तीशी लग्न केल्यास प्रोत्साहनाची रक्कम देण्याच्या योजना कर्नाटक व महाराष्ट्र सरकारांनी काढल्या आहेत. संसार उभा करताना ती मदत कामी येते, तिची चौकशी जिल्हा अपंग कल्याण अधिकाऱ्यांच्या कचेरीत अवश्य करावी. पण मंडळीने मनात पक्के धरावे की, बक्षीस मिळावे असे अवघड काम म्हणून कोणी कोणाशी लग्न करू नये. दयेवर रुग्णालय चालेल. संसाराला प्रीती व मान लागतो.

६. गोड गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

उपदेशात आपण एक गोष्ट पुष्कळदा ऐकली आहे. स्कॉटलंडचे अंध पाळक जॉर्ज मॅथेसन (१८४२-१९०६) यांची दृष्टी जाऊ लागली, तेव्हा वाग्दत्त वधूने त्यांना सोडले आणि त्या दुःखातून त्यांनी देवाच्या न सोडणाऱ्या प्रीतीचे प्रसिद्ध गीत रचले, अशी ती गोष्ट. मॅथेसन यांनी स्वतः मात्र इतकेच सांगितले की, १८८२ साली बहिणीच्या लग्नाच्या दिवशी, घरी एकटे असताना, फक्त आपल्याला ठाऊक असलेल्या एका तीव्र मनोदुःखात ते गीत सुचले. ते दुःख कोणते हे त्यांनी उघड केले नाही. आपण मात्र त्यांच्यासाठी एक कारण शोधून दिले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. येथेही आपण त्यांना बोलू दिले नाही!

फॅनी क्रॉस्बी (१८२०-१९१५) या अंध गीतरचनाकार बाईंचे १८५८ साली अलेक्झांडर व्हॅन ॲल्स्टाईन या अंध संगीतज्ञाशी लग्न झाले. दोघांना एक मूल झाले व ते अगदी तान्हे असतानाच वारले. उतारवयात दोघे वेगवेगळे राहत, तरी त्यांच्यात वैर नव्हते. अमेरिकेच्या जोनी एरिक्सन सतराव्या वर्षी, १९६७ साली, पाण्यात सूर मारताना मान मोडून हातापायांनी लुळ्या झाल्या. १९८२ साली केन टाडा नावाच्या शिक्षकाशी त्यांचे लग्न झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कहाणीत त्या दोघांनी रोजच्या शुश्रूषेचा थकवा, न थांबणाऱ्या वेदना आणि त्यामुळे संसारात पडलेले अंतर हेही लपविले नाही. आणि पुन्हा जवळ कसे आलो हेही सांगितले.

या गोष्टी सांगण्याचे कारण असे की, अपंग जोडप्याचा संसार आदर्शच असला पाहिजे अशी अपेक्षा आपण ठेवू नये. त्यांनाही भांडावयाचा, रुसावयाचा, चुकावयाचा व क्षमा मागावयाचा तितकाच अधिकार आहे जितका आपल्याला आहे.

७. ज्यांचे लग्न होत नाही

शोधूनही सर्वांना जोडीदार मिळतोच असे नाही. मागणी घातली आणि नकार आला, हे धडधाकट माणसालाही घडते. अपंग व्यक्तीला अधिक वेळा घडते, आणि ते दुःख खरे असते. अशा वेळी "देवाची इच्छा" म्हणून विषय संपवू नये, जवळ बसावे. यशयाच्या छपन्नाव्या अध्यायात ज्याला संतती होणे शक्य नाही, त्याने आपण वाळलेले झाड आहोत असे म्हणू नये असे देव सांगतो, आणि आपल्या घरात पुत्र व कन्या यांहून श्रेष्ठ असे नाव त्याला देण्याचे वचन देतो (यशया ५६:३-५).

वेल्लोरच्या डॉक्टर मेरी व्हर्गीस (१९२५-१९८६) यांना १९५४ साली मोटार अपघातात कमरेखाली पक्षाघात झाला. त्या चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करीत राहिल्या, आणि १९६६ साली वेल्लोरला सुरू झालेल्या पुनर्वसन संस्थेचा पाया त्यांनी घातला. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या अविवाहित राहिल्या. त्यांचे जीवन उणे होते असे कोण म्हणेल? पण त्यांचे उदाहरण देऊन एखाद्या तरुणीला "तूही तशीच सेवा कर" असे परस्पर सांगणे हा तिच्यावर अन्याय आहे. अविवाहित राहणे हे देवाचे दान आहे असे पौल म्हणतो (१ करिंथ ७:७). दान ज्याचे त्याला मिळते. ते आपण वाटावयाचे नसते.

८. आपल्या मंडळीसाठी

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांपैकी काही आपल्याच बाकांवर बसतात, आणि काही पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून घरी राहतात. म्हणून आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

(१) मंडळीच्या दाराला व हॉलला उतरण करावी. ज्याला हॉलमध्ये येताच येत नाही, त्याची ओळख कोणाशी होणार?

(२) तरुण संघाच्या सहली, गायनवर्ग, नाताळचे कार्यक्रम यांत अपंग तरुणांना प्रेक्षक म्हणून नव्हे, कामकरी म्हणून घ्यावे. बरोबरीने काम करताना माणूस ओळखू येतो.

(३) बेळगाव, मिरज, कोल्हापूरकडे स्थळांची माहिती पाठविताना यांचीही नावे, त्यांना विचारून, पाठवावीत. अपंगत्व सरळ शब्दांत लिहावे, आणि त्याबरोबर शिक्षण, काम, स्वभाव व आवडही लिहावी. अपंग म्हणावे की दिव्यांग, हेही त्यांनाच विचारावे.

(४) लग्नापूर्वी पाळकसाहेबांनी दोघांशी वेगवेगळे बोलावे. मुलगी बहिरी असेल तर तिच्या आईने तिच्यातर्फे उत्तर देऊ नये. लिहून किंवा खुणांनी तिचे स्वतःचे उत्तर घ्यावे.

(५) लग्नानंतर वर्षभर दोन कुटुंबांनी त्या जोडप्याचे शेजारी व्हावे. देखरेख करणारे नव्हे, हाक मारली तर येणारे.

चर्चेसाठी प्रश्न

१. मफीबोशेथाच्या गोष्टीत २ शमुवेल ९:१२ हे वचन आपण आजवर का सांगितले नाही?

२. दाविदाने सीबाचे ऐकून निर्णय केला. आपल्या घरात कोणाविषयी असे निर्णय त्यांना न विचारता झाले आहेत काय?

३. वर सांगितलेल्या तीन भीतींपैकी आपल्या मंडळीत कोणती अधिक आहे? तिचे उत्तर कोणी व कसे द्यावे?

४. लग्नात फसवणूक होऊ नये आणि कोणाचा अपमानही होऊ नये, यासाठी माहिती कशी द्यावी?

५. आपल्या वर्गातील अपंग सभासदांना हा पाठ कसा वाटला? (शिक्षकांना सूचना : हा प्रश्न शेवटी न घेता प्रथम घ्यावा. त्यांना बोलावयाचे नसेल तर आग्रह करू नये.)

मुखपाठ : १ करिंथ १२:२२

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू प्रत्येकाला नावाने हाक मारतोस. ज्यांच्याविषयी आम्ही फार बोललो आणि ज्यांच्याशी थोडे बोललो, त्यांचे ऐकावयास आम्हांला कान दे. जे जोडीदाराची वाट पाहत आहेत त्यांना धीर व चांगली सोबत दे. ज्यांना नकार मिळाला आहे त्यांच्याजवळ तू बस, आणि आम्हांलाही बसावयास शिकव. आमच्या मुलामुलींचे संसार सत्यावर व प्रीतीवर उभे राहोत. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.